प्रकाश देणाऱ्या थराची कार्यक्षमता छापताना त्याचे आयुष्यही छापावे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मोबाइल, संगणक आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यांसाठी लागणाऱ्या प्रकाश-उत्सर्जक थरांविषयीच्या बातम्या वृत्तपत्रांच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पानांवर आता वरचेवर येऊ लागल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. कधी तो थर सेंद्रिय रेणूंचा असतो, कधी क्वांटम डॉटचा, म्हणजे अर्धवाहकाच्या अतिसूक्ष्म कणांचा, तर कधी पेरोव्हस्काइट नावाच्या विशिष्ट रचनेच्या स्फटिकांचा. मात्र मथळा बहुतेक वेळा एकाच आकड्यावर बेतलेला असतो, तो म्हणजे अमुक टक्के कार्यक्षमतेचा उच्चांक. पातळ थर तयार करण्याच्या आणि तपासण्याच्या कामाशी माझा अनेक वर्षांचा संबंध असल्यामुळे मी या बातम्या आवर्जून वाचतो आणि प्रत्येक वेळी मला एकच उणीव जाणवते. तो थर ती कार्यक्षमता किती प्रखरतेवर देत होता आणि किती तास देत राहिला, याचा उल्लेख बातमीत नसतो. हा तपशील तज्ज्ञांपुरता आहे असे समजून गाळला जात असेल, तर तो गैरसमज दूर व्हावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. या थरांच्या बाबतीत कार्यक्षमता आणि टिकाऊपणा एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकीचा आकडा दुसऱ्याशिवाय सांगितला, तर वाचकाला त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

हे का, ते समजण्यासाठी थरात नेमके काय घडते ते थोडे पाहावे लागेल. ओएलईडी (सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक डायोड) प्रकारच्या पडद्यात दोन विद्युतअग्रांच्या मध्ये सेंद्रिय रेणूंचे अनेक थर एकावर एक बसवलेले असतात आणि त्या सर्वांची मिळून जाडी मिलिमीटरच्या काही दशसहस्रांशांएवढीच असते. एका बाजूने इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूने धनभारित ‘होल’ आत येतात, मधल्या थरात त्यांची गाठ पडते आणि त्या रेणूवर काही काळ ऊर्जा साठून राहते. या ऊर्जाभारित अवस्थेला एक्सायटॉन म्हणतात. एक्सायटॉनपुढे तीन वाटा असतात. त्याची ऊर्जा प्रकाशकण होऊन बाहेर पडते, उष्णता होऊन विरते, किंवा शेजारच्या एखाद्या ऊर्जाभारित रेणूला अथवा विद्युतभाराला दिली जाते. पहिल्या वाटेने गेलेल्या ऊर्जेने पडदा उजळतो. दुसऱ्या वाटेने गेलेली ऊर्जा थर तापवते. तिसऱ्या वाटेने गेलेल्या ऊर्जेमुळे मात्र एकाच रेणूवर दुप्पट ऊर्जा येऊन पडते आणि त्या रेणूतील एखादा रासायनिक बंध तुटू शकतो. तुटलेला रेणू स्वतः प्रकाश देत नाहीच, शिवाय आसपासच्या एक्सायटॉनची ऊर्जा खेचून घेऊन ती वाया घालवतो. म्हणजे प्रकाश होऊन बाहेर न पडलेली ऊर्जा नुसती फुकट जात नाही. तिचा काही भाग थराच्या मुळावर उठतो.

या क्षेत्राचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये दोन सेंद्रिय थरांचा जो दिवा जगापुढे मांडला, त्याची कार्यक्षमता सुमारे एक टक्का होती. म्हणजे आत पाठवलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे एक प्रकाशकण बाहेर येत होता. दहा व्होल्टपेक्षा कमी दाबावर एक हजार कँडेला प्रति चौरस मीटरहून (हे प्रखरतेचे माप) अधिक प्रकाश देणारा तो थर त्या काळी मोठेच यश होते. त्यापुढची अडचण पुंजभौतिकीने घालून दिलेली होती. विजेच्या प्रवाहातून तयार होणाऱ्या एक्सायटॉनांपैकी, इलेक्ट्रॉनांच्या फिरकीच्या मांडणीनुसार, साधारण २५ टक्के ‘सिंगलेट’ प्रकारचे असतात आणि ७५ टक्के ‘ट्रिप्लेट’ प्रकारचे. साध्या फ्लुओरेसंट रेणूला केवळ सिंगलेटपासून प्रकाश देता येतो, म्हणून तीन चतुर्थांश एक्सायटॉनांवर पाणी सोडावे लागत असे. १९९८ मध्ये स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्प्सन यांच्या गटांनी प्लॅटिनमसारखा जड अणू असलेला रेणू वापरून ट्रिप्लेट एक्सायटॉनांकडूनही प्रकाश मिळवून दाखवला, पुढे इरिडियमचे रेणू आले आणि २००१ पर्यंत थराच्या आतली कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या जवळ पोहोचली. लाल आणि हिरव्या रंगांसाठी हे फॉस्फोरेसंट रेणू आज पडद्यांत सर्रास वापरले जातात.

निळ्या रंगाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि कार्यक्षमतेचा आकडा एकटा किती फसवा असतो हे समजण्यासाठी ती सविस्तर सांगितली पाहिजे. निळे फॉस्फोरेसंट रेणू प्रयोगशाळेत वीसेक वर्षांपूर्वीच तयार झाले आणि त्यांची कार्यक्षमताही उत्तम होती. तरीही बाजारातले बहुसंख्य पडदे आजवर निळ्यासाठी कमी कार्यक्षम असा फ्लुओरेसंट रेणूच वापरत आले आहेत, कारण कार्यक्षम निळा रेणू टिकत नाही. ४६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणुरेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) असते. लाल प्रकाशकणाची सुमारे २. या रेणूंमधील कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातला साधा बंध तुटण्यास साधारण तीन ते साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. एकटा एक्सायटॉन त्या मर्यादेच्या खाली राहतो. पण दोन निळे एक्सायटॉन एकमेकांना भिडले आणि एकाने आपली सगळी ऊर्जा दुसऱ्याला दिली, तर पाचाहून अधिक इलेक्ट्रॉन-व्होल्ट एकाच रेणूवर येतात आणि बंध तुटायला ते पुरून उरतात. फ्लुओरेसंट रेणू काही नॅनोसेकंदांत प्रकाश देऊन मोकळा होतो, तर फॉस्फोरेसंट रेणूला एक मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे ऊर्जाभारित अवस्थेत तो शेकडो पट अधिक काळ अडकलेला असतो, आणि तितक्या काळात दुसऱ्या एक्सायटॉनशी किंवा विद्युतभाराशी त्याची गाठ पडण्याची शक्यता त्याच प्रमाणात वाढते.

यावरचे जे उपाय आतापर्यंत खरोखर उपयोगी पडले, त्यांतले बहुतेक एक्सायटॉनांची गर्दी कमी करणारे किंवा त्यांचा मुक्काम आखूड करणारे आहेत. मिशिगन विद्यापीठातील फॉरेस्ट यांच्या गटाने २०१४ मध्ये निळ्या फॉस्फोरेसंट थरातील रेणूंचे प्रमाण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू बदलत नेले, त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि होल थराच्या एखाद्या अरुंद पट्ट्यात न भेटता त्याच्या बऱ्याच मोठ्या भागात भेटू लागले, आणि आयुष्य नेहमीच्या रचनेच्या सुमारे दहापट झाले. रेणू नवा नव्हता, केवळ गर्दी विरळ केली होती. रेणूंमधील काही हायड्रोजन अणूंच्या जागी दुप्पट वजनाचे ड्युटेरियम अणू बसवणे हा दुसरा उपाय; त्यांचा कार्बनशी असलेला बंध तुटायला जास्त ऊर्जा लागते, रंग आणि कार्यक्षमता जवळपास तशीच राहते आणि आयुष्य वाढते. हा उपाय दूरचित्रवाणीच्या पडद्यांत आता प्रत्यक्ष वापरला जात आहे. धातूचा पृष्ठभाग प्रकाश देणाऱ्या थराच्या अगदी जवळ आणून एक्सायटॉनला लवकर मोकळे करणे, हाही मार्ग गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. पूर्वी धातूजवळचे एक्सायटॉन हे निव्वळ नुकसान मानले जाई. आता धातूत गेलेली ती ऊर्जा सूक्ष्म कणांच्या साहाय्याने पुन्हा प्रकाशाच्या रूपात बाहेर काढता येते. मला हा विचार विशेष मोलाचा वाटतो, कारण त्यात आरंभालाच टिकाऊपणाचा विचार आहे आणि कार्यक्षमता त्याच्यामागून येते.

क्यूशू विद्यापीठातील चिहाया अडाची यांच्या गटाने २०१२ मध्ये इरिडियमसारखा दुर्मीळ धातू न वापरता ट्रिप्लेट एक्सायटॉनांना उष्णतेच्या मदतीने सिंगलेट अवस्थेत परत आणणारे रेणू सादर केले, तेव्हा निळ्याचा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले होते. कार्यक्षमतेच्या दृष्टीने ते खरेही होते. पण या परतीच्या प्रवासालाही वेळ लागतो, ट्रिप्लेट एक्सायटॉन तोवर तिथेच साचून राहतात आणि पुन्हा तीच टक्कर उद्भवते. त्यानंतर बोरॉन आणि नायट्रोजन यांची विशिष्ट मांडणी असलेले, अतिशय शुद्ध आणि अरुंद वर्णपटाचा निळा प्रकाश देणारे रेणू आले. त्यांच्यामुळे रंगगाळणीत वाया जाणारा प्रकाश वाचतो, हा त्यांचा खरा लाभ आहे.

कार्यक्षमता वाढवली की आयुष्य आपोआप वाढते, अशीही एक जागा या विषयात आहे आणि तिच्याकडे बातम्यांमध्ये फारसे लक्ष जात नाही. सेंद्रिय थराचा अपवर्तनांक १.७ ते १.८ च्या दरम्यान असतो, काचेचा सुमारे १.५ आणि हवेचा १. थरात निर्माण झालेला प्रकाश या सीमांवर पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुन्हा आत वळतो, आणि साध्या सपाट रचनेत जेमतेम एक पंचमांश प्रकाश प्रेक्षकाच्या दिशेने बाहेर येतो. उरलेला काचेत, थरात आणि धातूच्या पृष्ठभागावर अडकून विरतो. प्रकाश देणारे रेणू थरात आडवे पडतील अशी त्यांची रचना केली, पृष्ठभागावर सूक्ष्म भिंगे बसवली किंवा थरांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीशी जुळवून घेतली, तर हे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढते. आता असे समजा की बाहेर पडणारा प्रकाश केवळ २० टक्क्यांनी वाढला. तेवढ्याच प्रखरतेसाठी थरातून तितका कमी प्रवाह पाठवावा लागेल. अशा थरांचे आयुष्य प्रखरतेच्या साधारण दीड ते दोन घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हा अनुभवसिद्ध नियम लावला, तर आयुष्य सुमारे ३१ ते ४४ टक्क्यांनी वाढते, आणि तेही रेणूंना हात न लावता. प्रकाश बाहेर काढण्याच्या या कामाला नव्या रेणूच्या शोधाइतके वलय मिळत नाही, याची मला खंत वाटते.

थर कोणत्या रेणूचा आहे याइतकेच तो कसा बसवला, हेही महत्त्वाचे आहे. निर्वात पात्रात मुशीतील पदार्थ तापवून त्याची वाफ काचेवर बसवली जाते, क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवरून जाडी मोजली जाते, आणि दर सेकंदाला एक-दोन अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचे कोट्यंश) इतक्या संथ गतीने थर वाढतो. रेणू काचेवर येऊन पडतो तेव्हा पुढचा रेणू त्याच्यावर येण्यापूर्वी त्याला स्वतःची जागा शोधायला थोडाच वेळ मिळतो. काच फार थंड असेल तर तो पडेल तिथेच थिजतो आणि थर पोकळ राहतो. काच योग्य उबेची असेल तर तो सरकून नीट बसतो. माप हलवत हलवत धान्य भरले की त्याच मापात अधिक धान्य मावते, तसेच हे आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील मार्क एडिगर यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले की, ज्या तापमानाला असा काचरूप पदार्थ मऊ पडू लागतो त्याच्या (केल्व्हिनमध्ये मोजलेल्या) सुमारे ८५ टक्के तापमानावर काच ठेवून थर बसवला, तर असाधारण घट्ट आणि स्थिर थर मिळतो. २०१८ मध्ये याच तत्त्वावर तयार केलेल्या फॉस्फोरेसंट ओएलईडींमध्ये कार्यक्षमता आणि आयुष्य दोन्ही १५ टक्क्यांहून अधिक वाढल्याचे प्रसिद्ध झाले. रेणू तेच, रचना तीच, फरक केवळ काचेच्या तापमानाचा.

याच्या उलट उदाहरणही सांगण्याजोगे आहे. एकाच रेणूच्या दोन खेपांपैकी एकीत संश्लेषणाच्या वेळचे ब्रोमीन किंवा क्लोरीन अत्यल्प प्रमाणात उरले असेल, तर पहिल्या दिवशी दोन्ही थर जवळपास सारखीच कार्यक्षमता दाखवतात. मात्र काही दिवस चालवल्यावर अशुद्ध खेपेचा थर दुसऱ्यापेक्षा कितीतरी लवकर मंदावतो. निर्वात पात्राच्या भिंतींवर उरलेल्या पाण्याच्या वाफेचाही परिणाम तसाच होतो. पहिल्या दिवशीचा आकडा या गोष्टी दाखवू शकत नाही, त्या केवळ आयुष्याच्या मोजणीत उघड होतात.

पाणी आणि प्राणवायू हे या थरांचे जुने वैरी आहेत. पडदा नीट मोहोरबंद केलेला नसेल तर काही काळाने त्याच्यावर काळे ठिपके उमटतात आणि पसरत जातात. असा ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तो बहुतेक वेळा जवळजवळ गोल दिसतो आणि त्याच्या मधोमध धुळीच्या कणामुळे धातूच्या थराला पडलेले बारीक छिद्र सापडते. पाण्याची वाफ तिथून आत शिरलेली असते आणि सर्व दिशांना सारख्याच वेगाने पसरलेली असते. त्यातली खरी शिकवण पुढे आहे. वीजप्रवाह बंद करून त्याच जागेवर अतिनील दिव्याचा प्रकाश टाकला, तर काळा ठिपका अनेकदा आजूबाजूच्या थरासारखाच उजळतो. म्हणजे प्रकाश देणारे रेणू शाबूत असतात; खराब झालेला असतो तो धातूचा आणि सेंद्रिय थराचा सांधा, ज्यातून इलेक्ट्रॉन आत यायला हवेत. म्हणून ओएलईडीच्या आवरणातून दिवसाला दर चौरस मीटरमागे एक ग्रॅमच्या दशलक्षांशाहून अधिक बाष्प आत जाऊ नये, असा निकष या क्षेत्रात धरला जातो. साध्या प्लास्टिक फिल्ममधून त्याच अवधीत काही ग्रॅम बाष्प सहज जाते. घडी घालता येणाऱ्या पडद्यांत काच वापरून भागत नाही, तेथे ऑक्साइड आणि पॉलिमर यांचे थर एकाआड एक देऊन हा निकष गाठावा लागतो, आणि घडीच्या जागी त्यातला एखादा थर तडकला की तेथूनच बिघाड सुरू होतो.

क्वांटम डॉटच्या थरांची हकीकत याहून थोडी बरी आहे. या सूक्ष्म कणांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी अलेक्सेई एकिमोव्ह, लुई ब्रूस आणि मोंगी बावेंडी यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सध्या पडद्यांत ते बहुधा रंग बदलणाऱ्या फिल्मच्या रूपात असतात. त्यांच्यातून वीज जात नाही, मागून आलेला निळा प्रकाश शोषून ते लाल व हिरवा प्रकाश देतात. वीजभाराचा ताण नसल्यामुळे ते अधिक टिकतात, आणि कणाभोवती झिंक सल्फाइडसारख्या पदार्थाचे जाड कवच दिले की त्यांची प्रकाश देण्याची क्षमताही वाढते. येथेही कार्यक्षमतेचा आणि टिकाऊपणाचा उपाय एकच आहे. तरी कापलेल्या कडेतून हवा आत शिरते आणि तिथले डॉट मरतात, म्हणून जुन्या फिल्मच्या कडेला निळसर पट्टी दिसू लागते. कॅडमियमवर युरोपीय नियमांनी ०.०१ टक्क्याची मर्यादा घातल्यामुळे उद्योग इंडियम फॉस्फाइडकडे वळला आहे. त्यात सुरुवातीला कार्यक्षमता आणि स्थैर्य दोन्ही कमी पडत होती. कवचाची रासायनिक जडणघडण सुधारून ती वाढवावी लागली.

पेरोव्हस्काइटच्या बाबतीत मात्र वृत्तपत्रांनी अधिक सावध राहायला हवे. २०१४ मध्ये सामान्य तापमानाला चालणारे पेरोव्हस्काइट दिवे प्रथम प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांची कार्यक्षमता एक टक्क्याहून कमी होती. २०१८ मध्ये ती २० टक्क्यांच्या पुढे गेली. ओएलईडीला ज्यासाठी याच्या कितीतरी पट वर्षे लागली, ते अंतर चार वर्षांत कापले गेले, आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण २०१८ च्या त्या दिव्यांचे आयुष्य तास आणि दिवसांत मोजावे लागत होते, हे फार थोड्या बातम्यांनी सांगितले. या स्फटिकांतले हॅलाइड आयन वीजक्षेत्राखाली जागा सोडून सरकतात. ब्रोमीन आणि आयोडीन किंवा ब्रोमीन आणि क्लोरीन एकत्र असतील तर ते एकमेकांपासून वेगळे होतात आणि प्रकाशाचा रंगच बदलतो. निळ्यासाठी नेमके असे मिश्रण लागते. शिवाय या पदार्थांत शिसे असते. त्यांच्याबद्दल मला आशा आहे, आणि पॉलिमरमध्ये बंद केलेल्या रंगबदल-फिल्म म्हणून ते आधी उपयोगी पडतील असे माझे मत आहे. पण ‘लवकरच बाजारात’ हे शब्द त्यांच्या बातमीत छापण्यापूर्वी आयुष्याचा आकडा मागितला गेला पाहिजे.

आता या आकड्यांबद्दलच थोडे. बातमीत येणारी कार्यक्षमता ही बहुधा शिखरावरची असते, आणि ते शिखर अनेकदा इतक्या मंद प्रकाशात येते की त्या प्रखरतेवर कोणी पडदा पाहत नाही. उघड्यावर वाचता येण्यासाठी हजार किंवा त्याहून अधिक कँडेला प्रति चौरस मीटर लागतात, आणि तोवर कार्यक्षमता बरीच घसरलेली असू शकते. दोन प्रकाशदायी रचना एकावर एक ठेवून केलेल्या दुहेरी दिव्यात दर अँपिअरमागचा प्रकाश दुप्पट होतो, पण व्होल्टही दुप्पट लागतात, त्यामुळे विजेची बचत जवळपास शून्य असते. त्याचा खरा फायदा आयुष्यात आहे, कारण तेवढ्याच प्रकाशासाठी प्रवाह निम्मा लागतो आणि वरचाच नियम लावला तर आयुष्य पावणेतीन ते चार पट होते. ‘कार्यक्षमता दुप्पट’ अशी त्याची बातमी होणे म्हणजे त्या रचनेच्या खऱ्या गुणावर अन्यायच आहे.

आयुष्याचा आकडा दिला गेला तरी तो कसा आला हे विचारावे लागते. कोणीही एखादा दिवा एक लाख तास चालवून पाहत नाही, त्याला अकरा वर्षांहून अधिक लागतील. दिवा प्रखरपणे चालवून कमी वेळात म्हातारा केला जातो आणि त्यावरून मंद प्रकाशातले आयुष्य काढले जाते. समजा, हजार कँडेलावर एखादा थर हजार तासांनी निम्मा मंदावला. वर सांगितलेला घात दीड धरला, तर शंभर कँडेलावर त्याचे आयुष्य सुमारे ३२ हजार तास निघते. दोन धरला, तर एक लाख तास. मोजणी एकच, पण निष्कर्षांत तिप्पट फरक. त्यातही ‘निम्मा मंदावेपर्यंत’ हा निकष दिव्यासाठी चालेल, पडद्यासाठी नाही. एकाच जागी सतत दिसणाऱ्या चिन्हाखालचे पिक्सेल इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि शेजारच्या दोन भागांत काही टक्क्यांचा फरक पडला की तो डोळ्याला जाणवतो. पडद्यावर जुन्या चित्राचा ठसा राहिल्याची तक्रार असते ती हीच. म्हणून प्रकाश ९५ टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ हाच पडद्यासाठी खरा निकष आहे, आणि तो निम्म्यापर्यंतच्या काळाच्या मानाने फारच लहान असतो. शिवाय प्रसिद्ध झालेला आकडा बरेचदा एकाच, सर्वांत चांगल्या नमुन्याचा असतो, आणि तो नमुना नखाएवढ्या आकाराचा असतो. पडद्यात लाखो पिक्सेल असतात, आणि त्यांतला प्रत्येक तसाच चालावा लागतो.

सौरघटांच्या क्षेत्रात टिकाऊपणा मोजण्याच्या समान पद्धतींवर संशोधकांनी २०११ मध्ये एकमत घडवले आणि २०२० मध्ये पेरोव्हस्काइटसाठी त्यात भर घातली. कोणत्या तापमानावर, किती आर्द्रतेत, उघडा की मोहोरबंद, हे सर्व त्यात लिहावे लागते. ओएलईडी पडद्यांसाठी आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग) ६२३४१ ही मानकमालिका आहे, परंतु प्रयोगशाळांतून बाहेर येणाऱ्या नव्या थरांच्या निबंधांत तशी शिस्त अजून सर्वत्र दिसत नाही. ती यावी यासाठी नियतकालिकांच्या संपादकांनी आग्रह धरायला हवा. उत्पादकांकडूनही एक साधी अपेक्षा आहे. एलईडी दिव्याच्या खोक्यावर त्याचे आयुष्य तासांत छापलेले असते. त्याच्या कितीतरी पट किमतीच्या पडद्यावर मात्र किती प्रखरतेला किती तासांत तो पाच टक्क्यांनी मंदावेल, हे कोठेही लिहिलेले नसते. कारखान्यात ही मोजणी झालेलीच असते, त्यामुळे ती छापण्यात तांत्रिक अडचण नाही.

आणि वृत्तपत्रांना माझी विनंती आहे ती एवढीच, की अशी बातमी हाती आली की वार्ताहराने संशोधकाला चार गोष्टी अवश्य विचाराव्यात: ही कार्यक्षमता किती कँडेलावर मोजली, त्याच प्रखरतेवर प्रकाश ९५ टक्क्यांवर यायला किती तास लागले, ते तास प्रत्यक्ष मोजले की हिशेबाने काढले, आणि किती नमुन्यांपैकी किती नमुने तसे टिकले. उत्तरे मिळाली तर ती बातमीत दोन ओळींत बसतात. मिळाली नाहीत, तर ‘आयुष्याची माहिती संशोधकांनी दिलेली नाही’ एवढे एक वाक्य शेवटी छापावे.

आपला नम्र,
पातळ थरांच्या क्षेत्रात काम करणारा एक वाचक